उंचसखल भिंती रंगासाठी तयार करताना: आधी सपाटी, मग गुळगुळीतपणा

घराला नवा रंग दिल्यावर दिवसा भिंत चांगली दिसते आणि संध्याकाळी भिंतीवरची ट्यूबलाइट लागली की तीच भिंत खड्ड्याखळग्यांनी भरलेली दिसू लागते, ही तक्रार जुन्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. दोष कधी रंगाच्या कंपनीला दिला जातो, तर कधी रंगाऱ्याला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा भिंत गुळगुळीत केली गेलेली असते, पण सपाट केली गेलेली नसते. हाताला लागणारा खरखरीतपणा घालवणे हे पुट्टीचे, म्हणजे रंगाआधी लावायच्या बारीक लेपाचे, काम आहे. डोळ्यांना दिसणारी उंचसखलता घालवणे हे गिलाव्याचे किंवा जिप्सम प्लास्टरचे काम आहे. पहिल्या कामाचे साहित्य दुसऱ्या कामासाठी वापरले, की पैसा आणि वेळ दोन्ही जातात आणि एक-दोन पावसाळ्यांत पोपडे निघू लागतात. पुढे दिलेली सगळी पद्धत याच भेदावर उभी आहे.

हिशेब समजायला सोपा जावा म्हणून २५-३० वर्षांच्या फ्लॅटमधील हॉलची एक भिंत डोळ्यांसमोर ठेवू: लांबी १४ फूट, उंची ९ फूट, म्हणजे १२६ चौरस फूट; विटांचे बांधकाम, वर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर डिस्टेंपरचे तीन-चार जुने थर.

भिंत उंचसखल का होते

साडेचार इंची विटांची भिंत रचताना गवंडी दोरी एकाच बाजूला लावतो. विटांच्या रुंदीतला कमीजास्तपणा त्यामुळे दुसऱ्या बाजूला जमा होतो आणि त्या बाजूचा गिलावा कुठे १२ मिलिमीटर, तर कुठे २० मिलिमीटर असा पडतो. म्हणून एकाच भिंतीची एक बाजू ठीक आणि शेजारच्या खोलीतली बाजू वाकडी, असे चित्र दिसते. कोकणात चिऱ्याच्या भिंतींमध्ये हा फरक आणखी मोठा असतो, कारण जांभ्याचा पृष्ठभाग मुळातच खडबडीत आणि छिद्रांचा असतो. अलीकडच्या उंच इमारतींमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. त्या बऱ्याच सपाट निघतात, पण साच्यांच्या सांध्यांच्या रेघा वर आलेल्या असतात आणि पृष्ठभागावर साच्याच्या तेलाचा अंश राहिलेला असू शकतो. या मूळच्या दोषांवर पुढे बिजागरीच्या खिळ्यांची भोके, वायरिंगसाठी पाडलेल्या आणि घाईत बुजवलेल्या झिऱ्या, काढून टाकलेल्या शोकेसच्या मागचा उघडा गिलावा आणि प्रत्येक रंगकामात जाड झालेले थर यांची भर पडत जाते.

तपासणी: यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी

भिंत तपासण्याची योग्य वेळ अंधार पडल्यावरची. खोलीतले दिवे बंद करावेत आणि एक टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून असा धरावा की प्रकाश भिंतीवर सरपटत जाईल. समोरून प्रकाश पडला की उंचवट्याची सावली पडत नाही. कडेने पडला की दोन मिलिमीटरचा उंचवटासुद्धा हातभर लांब सावली टाकतो. थापीचे जुने अर्धगोल ओरखडे, बुजवलेल्या झिरीची किंचित फुगलेली रेघ, स्विचबोर्डाभोवतीचा खोलगट भाग, हे सगळे या प्रकाशात एकदम उघडे पडते. दिसेल त्या ठिकाणी साध्या शिसपेन्सिलीने गोल करावेत. बॉलपेन किंवा स्केचपेन वापरू नये. त्यांची शाई पुढे प्रायमर (रंगाखालचा बैठकीचा थर) आणि रंगाचे थर भेदून वर येते.

दुसरे साधन म्हणजे सहा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी, जिला साइटवर फंटी म्हणतात. ती उभी, आडवी आणि तिरपी अशी तिन्ही प्रकारे भिंतीवर टेकवावी आणि पट्टी व भिंत यांच्यामधली जास्तीत जास्त फट स्टीलच्या पट्टीने मोजून तो आकडा भिंतीवरच लिहून ठेवावा. हे आकडे पुढच्या सगळ्या निर्णयांचा आधार आहेत. फट ३ मिलिमीटरच्या आत असेल, तर पुट्टीने काम भागते. ३ ते ६ मिलिमीटर असेल, तर जाड कणांची लेव्हलिंग पुट्टी किंवा त्या भागापुरता जिप्समचा पातळ हात लागतो. ६ ते २० मिलिमीटरपर्यंत जिप्सम प्लास्टर हाच व्यवहार्य मार्ग आहे आणि त्याहून अधिक फरक असेल, तर जुना गिलावा काढून किंवा त्यावर टाचे मारून (छिन्नीने खाचा पाडून) सिमेंटचा नवा गिलावा करणे भाग पडते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. भिंत ओळंब्यात नसणे आणि भिंत सपाट नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नऊ फूट उंचीत भिंत एकसारखी दीड सेंटिमीटर कललेली असेल, तर ते डोळ्यांना कधीही कळत नाही. पण एका हाताच्या अंतरात ४ मिलिमीटरचा खड्डा असेल, तर तो लगेच खुपतो. त्यामुळे त्या भिंतीला लागून भिंतभर कपाट किंवा टाइल्स बसवायच्या नसतील, तर ओळंबा साधण्याच्या हट्टापायी सगळ्या भिंतीवर जाड थर चढवण्याचे कारण नाही. सपाटी साधावी, कल राहू द्यावा.

तिसरी तपासणी कानांची. हातोड्याच्या लाकडी दांड्याने किंवा बोटांच्या पेरांनी भिंत वीतभर अंतराने ठोकत जावी. घट्ट गिलाव्याचा आवाज ठणठणीत आणि आखूड येतो. भिंतीपासून सुटलेला गिलावा भदभद वाजतो. असे पोकळ भाग पेन्सिलीने वेगळ्या खुणेने दाखवावेत, कारण त्यांच्यावर कितीही चांगले साहित्य चढवले तरी ते एक दिवस आपल्या आधारासकट खाली येणार असते.

चौथी तपासणी जुन्या रंगाच्या थरांची. ओल्या हाताने भिंत जोरात घासावी. तळहाताला पांढरी भुकटी लागली, तर खाली चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. चांगल्या इमल्शनच्या भिंतीवर कटरने बारीक चौकटी कापून त्यावर चिकटपट्टी दाबून लावावी आणि झटक्याने ओढावी. पट्टीबरोबर तुकडे निघाले, तर तो थर पुढच्या कामाचा पाया होऊ शकत नाही.

आणि शेवटची तपासणी ओलीची. साधारण दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद लावून २४ तास ठेवावा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले किंवा खालची भिंत गडद दिसली, तर भिंतीत ओलावा आहे. बाथरूमच्या पाठची भिंत, पावसाचा मारा घेणारी पश्चिमेची भिंत आणि तळमजल्यावर जमिनीलगतचा फूट-दीड फुटाचा पट्टा या तीन जागा कधीही न चुकवता तपासाव्यात.

ओल, लोणा आणि तडे

ओल सापडली, तर पुढचे काम तिथेच थांबवावे. बाथरूमच्या टाइल्सचे सांधे, सांडपाण्याचा पाइप, बाहेरच्या भिंतीचा तडा, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, यांपैकी जे कारण असेल ते आधी दुरुस्त करावे आणि मग भिंत सुकू द्यावी. आतून वॉटरप्रूफ रंगाचा हात मारून ओल दडवता येते, हा समज खर्चिक आहे. पाणी मागून येत असेल, तर ते थराला ढकलून बाहेर पडते. पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर पांढऱ्या पिसासारखे फुलतात, त्याला आपण लोणा लागणे म्हणतो. तो आधी कोरड्या ब्रशने झाडून काढावा. सुरुवातीलाच पाण्याने धुतला, तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. बुरशीचे काळे डाग असतील, तर एक भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी असे द्रावण लावून पंधरा-वीस मिनिटांनी पुसावे आणि भिंत स्वच्छ पाण्याने पुसून वाळवावी. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा कुठलेही अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

तड्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न असा, की तडा स्थिर आहे की हलता. केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा गिलाव्याच्या आकुंचनाच्या असतात आणि त्या निरुपद्रवी असतात. बीम किंवा कॉलम जिथे विटांच्या भिंतीला मिळतो तिथली सरळ रेघ मात्र जवळजवळ प्रत्येक घरात असते आणि ती दर वर्षी थोडी हलते, कारण काँक्रीट आणि वीट तापमानाला वेगवेगळ्या प्रमाणात प्रतिसाद देतात. अशा सांध्यात कडक पुट्टी भरली की वर्षभरात तीच रेघ परत उमटते. तिथे कटरने किंवा छिन्नीने तडा इंग्रजी व्ही अक्षरासारखा सुमारे ५ मिलिमीटर रुंद करावा, धूळ ब्रशने पूर्ण काढावी, लवचिक अ‍ॅक्रिलिक क्रॅक फिलर दाबून भरावा आणि तो सुकल्यावर त्यावर चार ते सहा इंच रुंद फायबरच्या जाळीची पट्टी पुट्टीच्या पातळ थरात बसवावी. जिन्यासारखा विटांच्या सांध्यांतून चढत गेलेला तिरपा तडा, दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघून रुंदावत जाणारा तडा, किंवा कॉलमवर उभी भेग आणि तिच्याभोवती गंजाचा तांबूस डाग दिसला, तर तो रंगाऱ्याचा विषय राहत नाही. गंजलेली सळई फुगते आणि आपल्यावरचे काँक्रीट फोडते. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच बोलवावे. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे सोसायटीकडे अहवाल असेल तर तो आधी पाहावा.

वायरिंग, एसीचे पाइप आणि टीव्हीच्या केबल्स यांच्या झिऱ्या याच टप्प्यावर पाडून बुजवाव्यात. झिरी सिमेंटच्या मालाने भरावी, वर कोंबडीजाळी किंवा फायबर जाळी लावावी आणि भरणी भिंतीच्या पातळीपेक्षा दोन मिलिमीटर खालीच ठेवावी. भरलेली झिरी भिंतीच्या वर आली, तर ती रंगानंतर शिरेसारखी दिसत राहते, आणि ती खाली आणण्यासाठी पुन्हा तोडफोड करावी लागते.

खरवडणे

या टप्प्यावर रंगारी आणि घरमालक दोघांचाही उत्साह कमी असतो, कारण मेहनत भरपूर आणि दिसायला काहीच नाही. चुना आणि भुकटी सोडणारा डिस्टेंपर भिंतीवरून पूर्णच निघाला पाहिजे. भिंतीवर रोलरने पाणी मारून दहा मिनिटे मुरू द्यावे आणि रुंद स्क्रेपरने थर वरून खाली ओढत काढावा. कोरडे खरवडण्यापेक्षा हे सोपे जाते आणि धूळही उडत नाही. घट्ट बसलेला इमल्शन काढण्याची गरज नाही. ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने त्याची चकाकी मोडली की पुरे.

जुना ऑइलपेंट असेल, तर सावधगिरी हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) अधिक नसावे, ही मर्यादा २०१६ च्या केंद्रीय नियमांनी घालून दिली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या तैलरंगांत शिसे असण्याची शक्यता गृहीत धरावी, असा थर कोरडा घासू नये, पॉलिश पेपर ओला करूनच घासावा आणि लहान मुलांना व गर्भवती स्त्रियांना काम संपून साफसफाई होईपर्यंत त्या घराबाहेर ठेवावे.

तपासणीत पोकळ वाजलेले भाग आता छिन्नीने विटेपर्यंत काढावेत. कडा तिरक्या न ठेवता सरळ कापाव्यात, जेणेकरून नवा माल कडेला कागदासारखा पातळ होणार नाही. वीट धुऊन ओली करावी आणि एकास चार प्रमाणात सिमेंट-वाळूचा माल भरावा. या भरणीला किमान सात दिवस पाणी मारणे आवश्यक आहे आणि त्यानंतर ती वाळायला वेळ द्यावा लागतो. ताज्या सिमेंटमध्ये क्षारता फार असते. तीन-चार आठवडे न थांबता वर रंग दिला, तर रंग ठिकठिकाणी फिका पडतो.

सपाटी: कामाचा गाभा

आपल्या भिंतीवर मोजलेली फट सर्वसाधारण ८ ते १२ मिलिमीटर आहे असे समजू. पॅकिंगवरचे आकडे पाहिले, तर चांगल्या सपाट पृष्ठभागावर पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचे दोन हात १ किलोत सुमारे २० चौरस फूट बसतात असे उत्पादक सांगतात. म्हणजे १२६ चौरस फुटांना ६-७ किलो. गणित केले, तर या दोन हातांची एकूण जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. पुट्टीकडून अपेक्षित काम तेवढेच आहे. याच भिंतीवर पुट्टीने सरासरी ३ मिलिमीटरचा थर द्यायचा झाला, तर ४० किलोची पूर्ण गोणी लागते, आणि तरीही दहा मिलिमीटरचा खड्डा भरत नाही. तो भरायला एकाच जागी जाड थापलेली पुट्टी आकुंचन पावते, तडकते आणि सुटते. उलट, सरासरी १० मिलिमीटर जिप्समला २५ किलोच्या पाच गोण्या पुरतात आणि भिंत खरोखर सपाट होते.

जिप्समच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. ते पाणी सहन करत नाही. त्यामुळे बाथरूममध्ये, ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा तळमजल्यावर जमिनीलगत ते लावू नये. जिप्समवर सिमेंटचा गिलावा कधीही चढवू नये, कारण ओलावा मिळताच दोघांमध्ये रासायनिक क्रिया होऊन थर फुगतो. आणि गुळगुळीत काँक्रीटवर किंवा जुन्या रंगावर ते थेट चिकटत नाही. तिथे आधी बाँडिंग एजंटचा, म्हणजे पकड देणाऱ्या द्रवाचा, हात द्यावा लागतो, शक्यतो वाळूचे कण असलेला. ज्या भिंतीवर जिप्सम योग्य नाही, तिथे वेळ जास्त लागला तरी सिमेंटचाच गिलावा करावा.

प्रत्यक्ष काम असे चालते. भिंतीच्या दोन्ही टोकांना, कोपऱ्यापासून सुमारे अर्धा फूट अंतरावर, वर आणि खाली जिप्समचे छोटे ठिय्ये बसवावेत. त्यांची जाडी ठरवताना भिंतीचा सर्वांत पुढे आलेला बिंदू शोधावा आणि तिथे किमान ५-६ मिलिमीटर थर राहील असे पाहावे. टोकाच्या ठिय्यांवरून दोरी ताणून मध्ये दर चार-पाच फुटांवर आणखी ठिय्ये लावावेत, म्हणजे सहा फुटी फंटी नेहमी दोन ठिय्यांवर टेकेल. मग वरचा आणि खालचा ठिय्या जोडणारे उभे पट्टे भरून घ्यावेत. हे पट्टे घट्ट झाले, की पुढचा सगळा माल त्यांच्या आधाराने फंटीने कापता येतो.

जिप्सम कालवताना स्वच्छ बादलीत आधी पाणी घ्यावे आणि त्यात भुकटी हळूहळू सोडावी. उलट केले, तर गोळे राहतात. बादलीत आधीच्या मालाचा घट्ट झालेला अंश राहिला, तर नवा माल फार लवकर आवळतो, म्हणून प्रत्येक वेळी बादली आणि थापी धुवावी. कालवलेला माल साधारण २५-३० मिनिटांत घट्ट होऊ लागतो. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरण्याची सवय अनेक कारागिरांना असते. असा माल सुकल्यावर खडूसारखा ठिसूळ राहतो आणि नखानेही उकरतो. एका वेळी दोघांना अर्ध्या तासात लावता येईल एवढाच माल करावा.

माल थापीने खालून वर दाबत लावावा, दोन पट्ट्यांमधली जागा किंचित जास्त भरावी आणि फंटी पट्ट्यांवर टेकवून डावी-उजवीकडे हलवत खालून वर ओढावी. फंटीवर जमलेला माल जिथे खळगा दिसेल तिथे लगेच भरावा आणि फंटी पुन्हा फिरवावी. दहा-पंधरा मिनिटांनी, बोट टेकवले तर ठसा उमटतो पण माल बोटाला लागत नाही, अशा अवस्थेत फंटीच्या धारेने उरलेले उंचवटे तासून काढावेत आणि शेवटी किंचित ओल्या स्टीलच्या थापीने पृष्ठभाग दाबून घ्यावा. कोपरे याच वेळी सरळ करून घ्यावेत. छताला लागून असलेली रेघ, खिडकीच्या कडा आणि स्कर्टिंगची वरची कड या तीन जागांवर नजर आपोआप जाते. तिथली रेघ सरळ असेल, तर मधल्या भिंतीतला एखादा किरकोळ दोष खपून जातो.

जिप्समला पाणी मारावे लागत नाही. त्याला हवा लागते. पंखे चालू आणि खिडक्या उघड्या ठेवून आठवडाभर सुकू द्यावे. ओला असताना राखाडीसर दिसणारा थर पूर्ण आणि एकसारखा पांढरा झाला, की पुढचे काम सुरू करावे. पावसाळ्यात कोकणपट्टीत याला दुप्पट वेळही लागू शकतो. दिवाळीच्या आधी घर रंगवायचे ही आपली पद्धत आहे खरी, पण पाऊस संपून भिंती अजून सुकत असतात त्याच आठवड्यांत ती घाई येते. भिंती सपाट करण्याचे मोठे काम असेल, तर दिवाळीनंतरची कोरडी हवा त्याला अधिक मानवते.

पुट्टी

पुट्टीआधी प्रायमर द्यावा की नाही, यावर रंगाऱ्यांमध्ये कायम वाद असतो. उत्तर पुट्टीच्या प्रकारावर अवलंबून आहे. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी उघड्या सिमेंट गिलाव्यावर थेट लावतात; मात्र भिंत आधी पाण्याने ओलसर करावी लागते, नाहीतर कोरडा गिलावा पुट्टीतले पाणी शोषून घेतो आणि ती भुसभुशीत राहते. डब्यात तयार मिळणारी अ‍ॅक्रिलिक पुट्टी असेल, तर आधी प्रायमरचा हात हवा. जिप्समच्या थरावर आणि जुन्या इमल्शनवरही आधी प्रायमर आणि मग अ‍ॅक्रिलिक पुट्टी हा सुरक्षित क्रम आहे.

सिमेंट पुट्टी कालवताना १ किलोला साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी लागते. नेमके प्रमाण गोणीवर छापलेले असते आणि तेच पाळावे. गाठी मोडून मिश्रण दहा मिनिटे ठेवावे आणि पुन्हा घोटावे. दोन-तीन तासांत संपेल एवढेच करावे. पहिला हात खालून वर, दुसरा हात आडवा किंवा उलट दिशेने द्यावा, म्हणजे पहिल्याच्या रेघा दुसऱ्यात बुजतात. प्रत्येक हात दीड मिलिमीटरच्या आत आणि दोन्ही मिळून ३ मिलिमीटरच्या आत ठेवावेत. पुट्टी ओढायचा पत्रा (रुंद पातळ पाते) भिंतीशी जेवढा उभा धरावा तेवढा तो माल ओरबाडून नेतो, आणि जेवढा आडवा तेवढा थर जाड बसतो. शेवटच्या ओढीला तो बऱ्यापैकी उभा आणि दाब एकसारखा असावा. पत्र्याची धार मध्येच खोक पडलेली असेल, तर संपूर्ण भिंतीवर तीच एक बारीक रेघ उमटत जाते, म्हणून धार अधूनमधून नखाने तपासावी. दोन हातांमध्ये किमान चार ते सहा तास आणि घासण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात काम चालू असेल, तर खिडक्या बंद ठेवाव्यात. गरम वाऱ्याने पुट्टी सुकते, पण घट्ट होत नाही.

घासणे

सिमेंटची पुट्टी दिवसेंदिवस कडक होत जाते, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशीच घासावी. पॉलिश पेपर बोटांनी दाबून घासला, तर बोटांच्या रुंदीचे खळगे पडतात. तो सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळूनच वापरावा. पहिल्यांदा १२० ते १५० नंबर, शेवटी २२० ते ३२० नंबर पुरतो. घासण्याआधी भिंतीवर पेन्सिलीने फार हलक्या हाताने नागमोडी रेघा ओढून ठेवाव्यात. घासल्यावर जिथे रेघ पुसली गेली तिथे पृष्ठभाग पातळीत आहे. जिथे रेघ टिकून राहिली तिथे खळगा आहे, तेवढाच पुन्हा भरावा. या युक्तीने अंदाजाने घासण्याचे श्रम वाचतात आणि चांगला थर विनाकारण झिजत नाही.

ही धूळ अतिशय बारीक असते आणि ती फुप्फुसांत जाते. रुमाल बांधून भागत नाही. एन-९५ प्रतीचा मास्क आणि चष्मा हवा, आणि हे काम मजूर करत असतील तर ते त्यांना घरमालकाने आणून द्यावेत. दारांच्या फटी, एसी आणि स्विचबोर्ड आधीच प्लॅस्टिकने झाकावेत, वीजपुरवठा त्या खोलीपुरता बंद करावा आणि फरशीवर पुठ्ठा अंथरावा. काम संपल्यावर भिंत मऊ झाडूने झाडून किंचित ओलसर फडक्याने पुसावी. फडके टपकण्याइतके ओले नसावे.

प्रायमर आणि दुसरी तपासणी

आता पाण्यात विरघळणारा प्रायमर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच पाणी घालून रोलरने द्यावा. स्वस्तात उरकण्यासाठी प्रायमर दुधासारखा पातळ केला जातो, तेव्हा तो भिंतीत मुरून जातो आणि रंगाला एकसारखी बैठक मिळत नाही. प्रायमर सुकल्यावर भिंत पहिल्यांदाच एकरंगी होते आणि आतापर्यंत लपलेले दोष दिसू लागतात. म्हणून टॉर्चची तपासणी आणि फंटीची तपासणी इथे पुन्हा करावी. सहा फुटी पट्टीखाली दोन मिलिमीटरपेक्षा अधिक फट नसावी, ही घरगुती कामासाठी वाजवी अपेक्षा आहे, आणि ती काम देतानाच लेखी ठरवलेली बरी. कोटेशनमध्ये लिहिलेल्या ‘दोन हात पुट्टी’ या शब्दांत सपाटीचे कोणतेही वचन नसते. कंत्राटदार आपल्या परीने काम पूर्ण केलेले दाखवू शकतो. भिंत सपाट करण्याचे काम पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) किंवा जिप्सम लावणाऱ्या कारागिराचे आणि रंगाचे काम रंगाऱ्याचे, हे दर वेगवेगळे घेतले तर जबाबदारीही स्पष्ट राहते.

या तपासणीत सापडलेले दोष अ‍ॅक्रिलिक पुट्टीने भरावेत, घासावेत आणि त्या प्रत्येक जागेवर पुन्हा प्रायमरचा बोळा फिरवावा. हे शेवटचे काम टाळले जाते आणि मग दुरुस्त केलेल्या जागा रंगाखालून निराळ्या चमकीच्या ठिपक्यांसारख्या दिसतात, कारण उघडी पुट्टी रंगातला ओलावा आजूबाजूच्या भागापेक्षा जास्त शोषते.

रंग निवडताना चकाकीचा विचार करावा. मॅट रंग प्रकाश विखुरतो आणि उरलेला किरकोळ दोष झाकतो. सॅटिन किंवा ग्लॉस रंग प्रत्येक लहर दाखवतो. भिंतीला लागून एलईडी पट्टीचा किंवा वरून खाली पडणारा प्रकाश देणार असाल, तर त्या भिंतीपुरता मॅटच घ्यावा आणि सपाटीचा खर्चही तिथेच अधिक करावा. बेडरूममध्ये कपाटामागे जाणाऱ्या भिंतीवर तोच खर्च करण्यात अर्थ नाही. रंगाचा पहिला हात झाल्यावर आणखी एकदा, शक्यतो त्या खोलीत कायमचे बसवायचे दिवे लावून, भिंत पाहावी. या टप्प्यावर दिसलेला बारीक खळगा भरून, घासून, त्या ठिपक्यावर प्रायमर आणि रंगाचा एक हात देऊन मगच संपूर्ण भिंतीवर दुसरा हात फिरवावा, आणि तो एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मध्ये न थांबता पूर्ण करावा.